दर दहा दिवसांनी फवारतोय तरी फळात अळी, वरून कोळी आणि मिलीबग: बागेतल्या किडींचं नेमकं करायचं काय

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा कळला. आंबा, पेरू, मोसंबी आणि कडेने काजू अशी मिश्र बाग आहे, फुलं निघाल्यापासून दर दहा-बारा दिवसांनी काही ना काही मारताय, तरी पेरू फोडला की अळ्या, आंब्याला चिकटा, म्हणजे रस शोषणाऱ्या किडी सोडतात तो गोड चिकट द्रव, आणि काळी पानं, आणि यंदा लाल कोळी (पानातला रस शोषणारा अगदी बारीक आठपायी जीव) आणि मिलीबग (पांढऱ्या मेणात दडलेली रस शोषणारी कीड) हे नवीनच सुरू झालंय, तर आता यापेक्षा स्ट्राँग औषध कुठलं. सरळ सांगतो, औषध बदलून हे थांबणार नाही. तुम्ही तारीख बघून फवारताय आणि कीड काही तारीख बघून येत नाही. प्रत्येक किडीच्या आयुष्यात ती आपल्या हाताला लागेल असे थोडेच दिवस असतात, बाकी वेळ ती फळात, सालीखाली, मातीत नाहीतर मेणाच्या थराखाली बसलेली असते आणि तेव्हा वरून कितीही मारा, औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. ते थोडे दिवस कुठले हे कळणं म्हणजे अर्धं काम, आणि उरलेलं बरंचसं काम पंपाचं नाहीये, ते झाडाखालच्या साफसफाईचं आहे.

आधी कोळी आणि मिलीबगचं घेतो, कारण ते बहुतेक तुमच्याच फवारणीने आलेत. तुम्ही दिलेल्या यादीत सिंथेटिक पायरेथ्रॉईड (सरसकट सगळे किडे मारणारा औषधांचा एक गट) तीन-चार वेळा दिसतंय. ते मारल्यावर किडी पटापट खाली पडतात म्हणून समाधान वाटतं, पण लाल कोळी खाणारे शिकारी कोळी, मिलीबग खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे), मिलीबगच्याच अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या हे सगळे त्यात आधी मरतात. पानाखाली जाळी करून बसलेला कोळी मात्र बऱ्यापैकी वाचतो, आणि गरम कोरड्या हवेत त्याची पिढी दहा दिवसांच्या आत पूर्ण होते, त्यात रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ बसलेली असेल आणि पाण्याचा ताण असेल तर विचारूच नका. हे काही आजचं नाही. १८८८ साली कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा फांदीला चिकटून रस शोषणाऱ्या, कापसासारख्या दिसणाऱ्या एका खवले किडीने संपत आल्या होत्या, तेव्हा अल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकतज्ज्ञाने ऑस्ट्रेलियातून एक छोटा ढालकिडा पाठवला आणि त्याने दोनेक वर्षांत ती कीड आटोक्यात आणली. पुढे जवळपास सहा दशकं तिचं कोणाला काही वाटलं नाही. मग १९४६-४७ च्या सुमारास त्याच भागात डीडीटी हे कीटकनाशक मारायला सुरुवात झाली, ढालकिडे मेले आणि ती खवले कीड परत उसळली, ढालकिडे पुन्हा आणून सोडावे लागले. तुमच्या बागेत तेच चाललंय, फक्त औषधाचं नाव वेगळं.

म्हणून पहिलं काम म्हणजे पायरेथ्रॉईड बंद. कोळ्यासाठी आठवडाभर पानाची खालची बाजू भिंगाने बघा. शिकारी कोळी थोडा मोठा, चकचकीत, थेंबासारखा असतो आणि भरभर पळतो, लाल कोळी सुस्त असतो. शिकारी दिसत असतील तर पाण्याचा जोरदार फवारा देऊन धूळ धुवा, पाण्याचा ताण तोडा आणि थांबा. फारच झालं तर खास कोळीनाशक नाहीतर गंधक, पण गंधक आणि फवारणीचं तेल यांच्यात किमान दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं करपतात, आणि कडक उन्हात दोन्ही नको.

आता पेरूतल्या अळ्या. ही फळमाशी. हिच्याबाबतीत लोक सगळ्यात जास्त औषध वाया घालवतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. मादी फळाच्या सालीखाली सुई टोचल्यासारखी अंडी घालते, एक-दोन दिवसांत अळ्या निघतात आणि गरात शिरतात, आठवडाभर खाऊन फळ गळून पडलं की अळी फळातून बाहेर येते, मातीत दोन-चार सेंटिमीटर खाली जाऊन कोष करते आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत त्यातून माशी. म्हणजे अंडी फळात, अळी फळात, कोष मातीत. फवारणीला सापडते ती फक्त उडणारी माशी, आणि ती दिवसभर तुमच्याच झाडावर बसून राहत नाही, आजूबाजूच्या झाडझाडोऱ्यात हिंडते आणि अंडी घालायला फळावर येते. पण या नव्या माशीला अंडी तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो, आणि त्या काळात तिला प्रथिनं लागतात, त्यासाठी ती वेडी असते. तुमची संधी इथे आहे.

गळलेली फळं गोळा करणं हे कंटाळवाणं काम आहे, मजूर कुरकुर करतात, पण याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. एक दिवसाआड उचला, आठवड्याने उचलून उपयोग नाही कारण तोपर्यंत अळ्या मातीत गेलेल्या असतात. उचलून बांधावर ढीग घालाल तर माश्यांची नर्सरीच केलीत असं समजा. जाड काळ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा म्हणजे आत शिजून मरतात, नाहीतर किमान दोन फूट खोल पुरा, वरवर पुरलेल्यातून माशी आरामात बाहेर येते. झाडावर राहिलेली पिकून सडकी फळं पण उतरवा, हंगाम संपला म्हणून सोडून देऊ नका.

त्यासोबत मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे वासाने माशी ओढणारे, सापळे. यात एक गोष्ट नीट समजून घ्या, त्यात फक्त नर येतात. एक नर अनेक माद्यांशी मिलन करतो, त्यामुळे निम्मे नर मेले तरी अंडी तेवढीच पडणार, जवळजवळ सगळेच नर काढले तरच फरक दिसतो. म्हणजे एकरभरात एक सापळा टांगून तो रोज भरतोय म्हणून खूश होऊ नका. एकरी चार-सहा लावा, फळं पक्व व्हायच्या दीड-दोन महिने आधीपासून, आणि शेजारच्या बागांनाही लावायला सांगा, नाहीतर तिकडच्या मिलन झालेल्या माद्या येतच राहतात. मादीसाठी प्रथिनयुक्त आमिष, त्यात थोडं कीटकनाशक, आणि ते पूर्ण झाड भिजवून मारायचं नाही, प्रत्येक झाडाच्या पानोऱ्यावर एका ठिकाणी ठिपका द्यायचा, फळावर नको. औषध एकदम कमी लागतं आणि मित्रकीटक वाचतात. पाऊस पडला की परत द्यावं लागतं, एवढी एक कटकट. आणि पेरूला फळ लिंबाएवढं झालं की पिशवी, तोंड वरून नीट बंद. छोट्या बागेला याला तोड नाही असं माझं मत. आंब्यात माशी पक्व होत आलेल्या फळालाच धरते, त्यामुळे झाडावर पिकेपर्यंत थांबण्यापेक्षा वेळेत उतरवा.

मोसंबीत फळाला बारीक भोक पडून भोवती सड लागते आणि फळ गळतं, त्याला पण बरेच जण फळमाशीच समजतात. फोडून बघा, आत अळी नसेल आणि भोक एकच गोल असेल तर तो रस शोषणारा पतंग. तो रात्री येतो, सोंड खुपसतो आणि निघून जातो, त्याची अळी तुमच्या झाडावर वाढतच नाही, ती बांधावरच्या गुळवेल, वासनवेल असल्या वेलींवर वाढते. मग मोसंबीवर अळीनाशक मारून काय होणार. वेली काढा, गळलेली फळं उचला, शक्य असेल तिथे पिशवी घाला, आणि टॉर्च घेऊन रात्री एक चक्कर मारा म्हणजे खात्री पटेल.

बदाम, अक्रोड, सफरचंद वगैरे तुमच्याकडे नाहीत, पण वेळेचा मुद्दा तिथे फार स्वच्छ दिसतो म्हणून थोडं लिहितो, ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही उपयोगी पडेल. बदाम-पिस्त्यात नाभी संत्र्याची अळी म्हणून एक कीड आहे, ती थंडीचा काळ झाडावर राहिलेल्या वाळक्या फळांत काढते. तोडणीनंतर झाडावर लटकून राहिलेले दाणे थंडीत हलवून पाडायचे, झाडामागे दोनपेक्षा जास्त राहू द्यायचे नाहीत, आणि पाडलेले जमिनीवर तसेच न ठेवता वसंतापूर्वी कुटून टाकायचे, हे तिथलं मुख्य काम. फवारणी नंतर, बाहेरची साल फुटायला लागते तेव्हा. हे टाळलं तर नुकसान नुसतं पोखरलेल्या दाण्यांचं नसतं, अळीने केलेल्या भोकातून अस्परजिलस बुरशी शिरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, मग अख्खा लॉट नाकारला जातो. सुकामेव्यात किडीचं नियंत्रण हा खरं तर विषाच्या नियंत्रणाचाच भाग आहे.

सफरचंद, नाशपाती, अक्रोडातला कॉडलिंग पतंग याच्याही पुढचं उदाहरण. त्याची नुकती निघालेली अळी फळाच्या पृष्ठभागावर फार तर दिवसभर फिरते आणि आत शिरली की संपलं. म्हणून तिथे लोक उष्णतेचा हिशोब ठेवतात. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्यायचं, सरासरी काढायची, त्यातून १० अंश सेल्सिअस वजा करायचे, आणि रोजचा आकडा बेरजेत धरायचा. समजा कमाल २८, किमान १४, तर सरासरी २१, म्हणजे त्या दिवसाचे ११. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नराला ओढणारा सापळा) पतंग सलग सापडायला लागले त्या दिवसापासून ही बेरीज साधारण १२० ते १४० झाली की अंडी फुटायला लागतात, आणि औषध तेव्हा तयार पाहिजे. थंड वसंतात तीच बेरीज व्हायला तीन आठवडे लागतील आणि गरम वसंतात दहा-बारा दिवस, मग दर दहा दिवसांनी फवारण्याला काय अर्थ उरला ते तुम्हीच बघा. तुमच्या झाडांना हाच आकडा लागू होणार नाही, पण सवय तीच लावा, सापळ्यातला आकडा वहीत लिहा, पहिली अळी किंवा पहिला डाग कधी दिसला ते लिहा, दोन हंगामांत तुमच्या बागेचं स्वतःचं वेळापत्रक तयार होतं.

कामगंधाचा दुसरा उपयोग म्हणजे बागभर एवढे तुकडे टांगायचे की नराला मादी सापडूच नये. काम करतं, पण मोठ्या सलग क्षेत्रात, चार-पाच हेक्टरच्या पुढे. एक-दोन एकरात करू नका, बाहेरून मिलन झालेली मादी उडत येते आणि तुमचे पैसे वाया.

आता रस शोषणाऱ्यांकडे वळतो. आंब्याचे तुडतुडे, म्हणजे मोहोराचा रस शोषून चिकटा सोडणारे बारीक किडे, हंगाम नसताना खोडाच्या भेगांत आणि दाट सावलीत बसलेले असतात आणि मोहोर निघाला की त्याच्या देठात अंडी घालतात. म्हणून फवारणी मोहोराचे कोंब दिसताना, खोडासकट, पूर्ण फुलोऱ्यात अजिबात नाही. आंब्याचं परागीभवन मुख्यतः साध्या माश्या आणि बारीक किडे करतात, फुलोऱ्यात औषध मारून चिकटा जाईल पण फळधारणाही जाईल. पानावर जी काळी बुरशी दिसतेय ती चिकट्यावर वाढते, तिच्यासाठी वेगळं बुरशीनाशक मारत बसू नका, चिकटा थांबला की ती आपोआप सुटते. आणि झाडाच्या मधल्या दोन-तीन फांद्या कापून आत ऊन जाऊ द्या, याने तुडतुडे कमी होतात आणि पुढच्या प्रत्येक फवारणीचं औषध आतपर्यंत पोचतं.

काजूवरच्या ढेकण्याला, म्हणजे टी मॉस्किटोला, मात्र फार थांबून चालत नाही. तो कोवळी पालवी, मोहोर आणि कोवळ्या बिया टोचतो आणि टोचलेला भाग काळा पडून वाळतो. पालवी, मोहोर आणि बी धरताना या तीन टप्प्यांवर झाडं तपासा, सकाळी लवकर, कारण उन्हात तो लपतो. लाल मुंग्या, ज्या पानं शिवून झाडावर घर करतात, त्या काजूच्या या ढेकण्याला चांगल्या पळवून लावतात. चीनमध्ये संत्र्यांच्या बागेसाठी या मुंग्यांची घरटी विकली जात, याची नोंद इसवी सन ३०४ च्या सुमाराची आहे, म्हणजे माणसाने मुद्दाम वापरलेला हा बहुधा सगळ्यात जुना मित्रकीटक. अडचण अशी की तोडणीला मजूर चावून हैराण होतात, आणि याच मुंग्या काही खवले किडी सांभाळतातही. तरी काजूत त्या असतील तर मी मारणार नाही.

बारीक काळ्या मुंग्यांचं तसं नाही. मिलीबग जो गोड चिकटा सोडतो तो या खातात आणि बदल्यात त्याच्यावर येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकून लावतात, गुराख्याने गुरं राखावी तसं चालतं. खोडाभोवती चिकट पट्टी लावून मुंग्या वर जाणं बंद केलं तर बऱ्याचदा मिलीबग औषधाशिवाय खाली येतो. पट्टीला टेकणाऱ्या फांद्या आणि गवत काढा, नाहीतर मुंग्यांनी पूल केलाच म्हणून समजा. आंब्यावरचा मोठा मिलीबग वेगळा, त्याची अंडी झाडाखालच्या मातीत असतात आणि थंडीत पिल्लं खोडावरून चढतात, त्यांच्यासाठी पिल्लं निघायच्या आधी जमिनीपासून फूटभर वर एक फूट रुंद जाड प्लास्टिक घट्ट गुंडाळून खालच्या कडेला ग्रीस लावा. पिल्लं वर चढली, अंगावर मेण आलं, की औषध घसरून जातं. आणि एक महत्त्वाचं, मिलीबगच्या गर्दीत त्याच्यासारखीच पांढरी, लोंबत्या मेणाची, पण आकाराने मोठी आणि भरभर चालणारी अळी दिसली तर हात लावू नका, ती क्रिप्टोलेमस ढालकिड्याची अळी, मिलीबग खातेय. लोक मोठा मिलीबग समजून तिलाच आधी ठेचतात.

खवले किडीला फांदीभोवती दुहेरी चिकटपट्टी गुंडाळा, आठवड्याने भिंगाने बघा, पिवळे बारीक ठिपके चिकटलेले दिसले की पिल्लं फिरतायत, तेल मारायची वेळ तीच.

आता फवारावंच लागलं तर. पंपाचं बघा आधी. झाडाचा शेंडा आणि आतला भाग कोरडा राहतो, सगळ्यांचा राहतो, कारण आपण खाली उभं राहून डोळ्यासमोरची पानं चिंब भिजवतो. पाणी लागलं की निळा होणारा पिवळा कागद मिळतो, त्याचे तुकडे शेंड्याला, आत आणि पानाच्या खालच्या बाजूला लावून नुसत्या पाण्याने एकदा फवारून बघा, डोळे उघडतील. पाणी जड किंवा क्षारयुक्त असेल, सामू (pH) ८ च्या वर, तर ऑर्गॅनोफॉस्फेटसारखी काही औषधं टाकीतच विघटित व्हायला लागतात, सामू ६ च्या आसपास आणा आणि मिसळलेलं द्रावण रात्रभर ठेवू नका. बोर्डोसारख्या (मोरचूद आणि चुना) चुन्याच्या द्रावणात ही औषधं मिसळू नका, आणि तीन-चार औषधांची खिचडी तर करूच नका, कशाने काम झालं कशाने पान जळलं काही कळत नाही.

औषध बदलताना ब्रँड बदलू नका, गट बदला, म्हणजे किडीला वेगळ्या पद्धतीने मारणारं औषध घ्या. तुमच्या यादीत चार नावं आहेत पण त्यातली तीन एकाच गटाची, किडीच्या दृष्टीने ते एकच औषध. किडीच्या एका पिढीला एक गट, पुढच्या पिढीला दुसरा. प्रतिकार ही काही नव्या औषधांची अडचण नाही, १९१४ साली मेलँडरने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सॅन होजे खवले कीड चुना-गंधकाला दाद देत नाही हे दाखवून दिलं होतं. लेबलवर त्या पिकाचं आणि किडीचं नाव आहे ना ते बघा, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते पाळा, मधमाश्या घरी गेल्यावर संध्याकाळी मारा, आणि मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या हे गरम होतं म्हणून काढून ठेवू नका.

निंबोळी आणि बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूपासूनचं औषध) यांबद्दल विचारलंत. दोन्ही चांगली, पण अपेक्षा बरोबर ठेवा. निंबोळीने कीड लगेच मरत नाही, खाणं आणि वाढ बिघडते, त्यामुळे कोवळ्या पिल्लांवर आणि कमी प्रादुर्भाव असतानाच. बीटी अळीच्या पोटात गेलं पाहिजे, उन्हात दोन-चार दिवसांत निकामी होतं, आणि ते पतंगांच्या लहान अळ्यांवर. फळमाशीच्या अळीवर आणि फळात शिरलेल्या कुठल्याही अळीवर तुमच्या नेहमीच्या बीटीचा उपयोग शून्य.

शेवटी खोडकिडा, जो तुम्ही विचारला नाही, पण तुम्ही लिहिलंय की दोन काजू बुंध्याशी डिंक सोडतायत आणि खाली भुसा पडतोय, ते तेच आहे. याला पानांवर फवारून काहीही होत नाही, अळी महिनोन् महिने लाकडात असते. आजच छिन्नीने भुशाच्या जागची साल काढा, बोगद्याच्या मागे मागे जा, मुळाच्या उघड्या भागापर्यंत, तारेने अळी काढून मारा, जखम साफ करून बोर्डो पेस्ट लावा. पंधरा दिवसांनी परत बघा, ताजा भुसा असेल तर एखादी अळी राहिलीय. बुंध्याची निम्म्याहून जास्त साल गोलाकार पोखरलेली असेल आणि पानं पिवळी पडली असतील तर ते झाड वाचत नाही, त्याच्यावर खर्च न करता मुळासकट काढा आणि बुंधा बागेत सरपण म्हणून रचून ठेवू नका, त्यातून निघणारे भुंगे शेजारच्याच झाडांवर अंडी घालतात.